शांतुंगच्या सुरीचं हिरवं अंग

मी खरी आहे, हे कुणी मानलंच नाही. ज्यांनी मला ओतली ते मातीला मिळून दोन हजारांवर वर्षं झाली, त्यांना विचारायची सोय नाही. जिनं खरं सांगितलं तिला खोटी ठरवलं. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी तोंडात गुळणी धरली. म्हणून आता मीच बोलते. गोड बोलायला मला येत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

मी चीनमधल्या शांतुंग मुलखातली काशाची सुरी. सुरी म्हटल्यावर लगेच कांदा शोधायला जाऊ नका. माझ्यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. मी नाणं आहे. आमच्या राज्यात नाणी सुरीसारखी असत. पाठ वाकडी, धार बोथट, मुठीवर लांब रेघा आणि मुठीच्या टोकाला एक कडी. कडीतून दोरी ओवायची, जुडगा कमरेला बांधायचा आणि बाजार गाठायचा.

चीनची सुरी मराठी कशी बोलते, असं तुमच्या मनात आलं असेल. सांगते. एवढ्या आयुष्यात माझ्याशी नीट अशी एकच बाई बोलली, आणि ती मराठीत बोलली. ती चौथीपर्यंत शिकलेली, फटकळ तोंडाची. जे तिच्याकडून उचललं तेच माझ्याजवळ आहे. तिचं नाव सरला. तिच्यावर येईनच मी, पण आधी माझं ऐका.

मातीच्या साच्यात मला ओतली. तांबं, कथील आणि वर बऱ्यापैकी शिसं, कारण शिसं स्वस्त पडे. ओतणाऱ्याची बोटं जळून आखडली होती. साचा फोडून त्यानं मला बाहेर काढलं, दगडावर कड घासली आणि ढिगात फेकली. कुणी कौतुक केलं नाही. माझ्या अंगावर राज्याच्या नावाची अक्षरं उमटली होती. ज्याच्या हातांनी ती उमटवली त्याला वाचता येत नव्हती.

मग मी फिरले. मीठ घेतलं, सुकी मासळी घेतली, तागाचं कापड घेतलं. दुष्काळाच्या एका वर्षी अख्खा जुडगा देऊन एक मुलगी विकत घेतली. तिच्या बापानं आम्हाला हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिलं, खोट्या तर नाहीत ना म्हणून. पोरीकडे त्यानं पाहिलं नाही. माणसाला नाणं पारखताना जेवढे डोळे फुटतात तेवढे माणूस पारखताना फुटत नाहीत, हे मी तेव्हाच शिकले.

पुढे पश्चिमेकडचा राजा आला. त्यानं आमचं राज्य गिळलं आणि हुकूम काढला की यापुढे नाणं गोल, मधे चौकोनी भोक, बाकीचं सगळं बाद. ती भोकाची नाणी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील, तीच सगळीकडे मिरवतात. आम्हाला वितळवायला न्यायचं ठरलं. माझ्या मालकानं रागानं म्हणा, आशेनं म्हणा, आम्हाला मडक्यात भरलं आणि शेताच्या बांधाखाली पुरलं. राज्य पुन्हा येईल असं तो बायकोला म्हणाला होता. ना राज्य आलं, ना तो आला.

मग नुसती माती. तिथे माझ्या अंगावर हिरवं चढलं. ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी रड त्याचीच आहे. ते हिरवं म्हणजे मळ नव्हे, शेवाळ नव्हे. माती आणि ओल काशाला खातात, आणि खाल्लेल्या काशाचंच ते हिरवं होतं. माझंच अंग ते, म्हातारं झालेलं. आमच्यासारख्यांचं वय त्याच्यावरून ओळखतात.

बाहेर काढलं ते जर्मन लोकांनी. त्यांनी शांतुंगचं बंदर घेतलं होतं, त्सिंगताव नावाचं, आणि तिथून आत रेल्वे टाकत होते. रूळ लोकांच्या थडग्यांवरून चालले होते. गावकरी आडवे आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या घातल्या. ज्या शेतात आम्ही होतो तिथे आदल्या दिवशी प्रेतं पडली होती, दुसऱ्या दिवशी तिथेच कुदळ चालली आणि आमचं मडकं फुटलं. बाकीच्या बहिणी बाजारात कासाराकडे गेल्या आणि वितळल्या. मला जमिनीची मापं घेणाऱ्या एका जर्मनानं कोटाच्या खिशात टाकलं. हिन्रिख लूर्स त्याचं नाव. शिट्टी वाजवत होता.

त्यानं मला हॅम्बर्गला आणलं आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. येईल त्याला तो मला दाखवायचा. ‘‘हात लावायचा नाही,’’ म्हणायचा, ‘‘हे हिरवं आहे ना, त्यातच सगळं आहे.’’ त्याचा त्सिंगतावचा दोस्त ब्रुन्स दरवर्षी यायचा आणि भिंगातून माझं हिरवं बघत बसायचा.

मग दुसरी लढाई. हॅम्बर्ग जळलं त्या उन्हाळ्यात लूर्सची बायको मला आणि लग्नाचा फोटो पिशवीत घालून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरली. हिन्रिख छपरावरच्या ठिणग्या विझवायला वर गेला. खाली आला नाही. वर काही उरलंच नव्हतं. त्यानंतर त्या बाईजवळ नवऱ्याचं म्हणून मी आणि तो फोटो, एवढंच.

लढाईनंतर फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लूर्सला आइम्सब्युटेल भागात लहान जागा मिळाली. एकटीला ती खायला उठायची, म्हणून आतली खोली तिनं उंटरमीटरला, म्हणजे पोटभाडेकरूला, दिली. तो होता श्यामकांत जगदाळे, सातारा जिल्ह्यातला. जहाजाचे पंखे ज्या काशाचे ओततात त्या काशावर डॉक्टरेट करायला आलेला. जिन्यात शेजारणी कुजबुजल्या. फ्राऊ लूर्स म्हणाली, ‘‘माझा हिन्रिखही परक्यांच्या देशात राहिला होता.’’ हिन्रिख तिथे कसा राहिला होता ते मला विचारा. पण असो, बाई मनानं वाईट नव्हती.

अठ्ठावन साली श्यामकांतची बायको बोटीनं आली. तीच सरला. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नवरा परदेशात आणि ही सासरी गुरांचं शेण काढत, येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकत बसलेली. ‘नवऱ्यानं टाकली वाटतं’ हे वाक्य तिनं इतकं ऐकलं होतं की ते तिला झोपेतही ऐकू येई. शेवटी सासऱ्यांनीच तिकिटाची खटपट केली. नवऱ्याच्या शेजारी राहायचं, बाकी तिला काही नको होतं. हॅम्बर्गचा पाऊस, गॅसची शेगडी, डुकराच्या मांसाचा वास, सगळं तिनं तेवढ्यासाठी सोसलं.

स्वयंपाकघर दोघींचं एकच. फ्राऊ लूर्सला ती फ्राऊआजी म्हणायची. तिला जर्मन येत नव्हतं, म्हातारीला मराठी येत नव्हतं, तरी दोघींची भांडणं बिनचूक व्हायची. हळदीचा डाग पडला की म्हातारी ओरडे. सरला तिच्याच जर्मनमधलं ‘हो, हो, बरोबर’ तिला ऐकवी, ‘‘जा, जा, गेनाऊ! पुसते की. घर काय तुमचं काशीविश्वेश्वराचं आहे?’’ आणि दोघी हसत.

शुक्रवारी सरला कपाटाची काच पुसायची. पुसता पुसता माझ्याशी बोलायची. ‘‘काय गं बाई, तुलाही असंच बोटीत घालून आणलं होय? तुझं काय अडलं होतं इथे?’’ इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी घरातली शस्त्रं आणि अवजारं पुजायची. सरलानं पाव कापायची फळी पाट म्हणून मांडली. तिच्यावर आपली विळी, कात्री आणि नवऱ्याची कंपासपेटी ठेवली. म्हातारी डोकावली.

‘‘वास इस्ट दास?’’ हे काय चाललंय?

सरलानं हातवारे करून सांगितलं, की जे आपल्याला पोसतं त्याला आज नमस्कार. म्हातारी मग दिवाणखान्यात गेली, कपाट उघडलं आणि मला घेऊन आली. ‘‘हिन्रिखचं मेसर,’’ म्हणजे सुरी, म्हणाली. ‘‘हेही ठेव.’’

तिनं स्वतःच्या हातानं मला दिली. हे लक्षात ठेवा.

सरलानं मला डोक्याला लावलं. मग नीट पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. ‘‘ई, किती कळकलीय! अशी देवापुढे ठेवायची? फ्राऊआजी, तुमच्या घरात भांड्यांना चकाकी आणि नवऱ्याच्या वस्तूवर हे किटण?’’

पूजेची वस्तू लख्ख हवी. काशा-पितळेवर हिरवं दिसलं की तिचे हात शिवशिवत. तिच्या माहेरी, सासरी, सगळ्या गल्लीत दसऱ्याला हेच चाले. तिनं भांड्यात कडक व्हिनेगर ओतला, इथे तो अर्क म्हणून बाटलीत मिळतो. त्यात मूठभर मीठ टाकलं आणि मला बुडवलं. दुपारपर्यंत मी त्यात होते. मग चिंचेचा गोळा आला. ती चिंच बंदरावरच्या एका रत्नागिरीकडच्या खलाशानं दिलेली, ती जिवापाड जपून वापरायची. चिंच लावून झाडाच्या मुळांच्या खरखरीत ब्रशानं तिनं मला घासली. दोन हजार वर्षांचं माझं अंग हिरव्या पाण्यानं मोरीत वाहून गेलं.

दुखलं का, म्हणता? सोलून बघा स्वतःला.

तेवढ्यात श्यामकांत आत आला. बायकोचे हिरवे हात पाहिले, मला पाहिलं. आणि हसला.

‘‘अगं, दोन हजार वर्षांचं काम एका दुपारीत उरकलंस की!’’

‘‘मग? तुमच्यासारखं वर्षानुवर्षं काशावर नुसतं लिहीत बसू?’’

‘‘चहा ठेव,’’ म्हणाला, आणि पेपर घेऊन आत गेला.

काशाचा अभ्यास करणारा माणूस. त्यानं पाहिलं, त्याला कळलं, आणि त्याला गंमत वाटली. मी त्या मोरीच्या काठावर होते, माझ्यासमोरची गोष्ट आहे ही.

म्हातारीनं मला पाहिलं तेव्हा तिनं टाळ्याच वाजवल्या. ‘‘ब्लिट्सब्लांक!’’ म्हणजे विजेसारखं लख्ख. मग हळूच म्हणाली, ‘‘पन्नास वर्षं हे हिरवं माझ्या डोळ्यांत खुपत होतं. हिन्रिख हात लावू देत नव्हता.’’ जर्मन बाई ती, तिलाही घासूनच समाधान. मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अॅस्टरचं फूल वाहिलं. माझं अंग आगीत टाकल्यासारखं होत होतं. पण तेवढ्या वेळात माझ्याकडे कुणी वाईट नजरेनं पाहिलं नाही, हे खरं बोलायला हवं.

मग मी परत काचेच्या कपाटात गेले.

नोव्हेंबराच्या शेवटी जर्मन लोकांचा मृतांचा रविवार असतो. टोटेनसोनटाग म्हणतात. थडग्यांवर फांद्या घालून येतात आणि कॉफी पितात. त्या दिवशी फ्राऊ लूर्सचा पुतण्या क्लाउस आला, सोबत म्हातारा ब्रुन्स. या क्लाउसला काकूची जागा हवी होती. काकूचं डोकं ठिकाणावर नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवायला हवं, हे त्याचं पालुपद. म्हातारी त्याच्यापुढे कपबशीसुद्धा जपून ठेवायची.

ब्रुन्स सवयीनं कपाटापाशी गेला, भिंग काढलं. आणि त्याचा आवाज चिरकला.

‘‘ही ती नव्हे!’’

सगळे उठले.

‘‘हिन्रिखची सुरी हिरवी होती. त्या हिरव्याला दोन हजार वर्षं लागतात, हे काय वर्षभरात गेलं? आणि हे खड्डे बघा. कच्चं ओतकाम. कुणीतरी खरी नेली आणि नक्कल ठेवली.’’

अरे बाबा, ते खड्डे ओतकामाचे नव्हेत. हिरवं जिथे जिथे खोल गेलं होतं तिथून ते निघालं, त्याचे ते खड्डे. पण मी बोलले तर ऐकणार कोण?

क्लाउसनं आतल्या खोलीचं दार ठोठावलं. श्यामकांत बाहेर आला.

‘‘हेर जगदाळे, कपाटाला कुणी हात लावला होता?’’ हेर म्हणजे जर्मन लोकांचं ‘श्रीयुत’.

आणि श्यामकांत म्हणाला, ‘‘नाही. आम्ही तुमच्या वस्तूंना कधी हात लावत नाही.’’

का म्हणाला? मला वाटतं, त्याला लाज वाटली. आपली बायको पावाच्या फळीवर विळी मांडून कुंकू लावते, हे या लोकांना कसं सांगायचं? लाजेपोटी एक वाक्य बोलून गेला. पण मागे सरला उभी होती. क्लाउसचं बोट माझ्याकडे आणि मग कपाटाकडे गेलेलं, नवऱ्याची मान नकारार्थी हललेली तिनं पाहिली होती, तिला तेवढं पुरलं.

‘‘अहो, खोटं कशाला? मी घासली ना ती.’’ आणि पुढे होऊन तिनं आपल्या मोडक्या जर्मनमध्ये छातीवर हात मारून सांगितलं, ‘‘इश पुट्सेन! एस्सिग! मी! व्हिनेगरनं मी घासली!’’

ब्रुन्सनं तिच्याकडे पाहिलं. ‘‘असं कुणी करत नाही,’’ म्हणाला. ‘‘वेडा माणूससुद्धा करणार नाही. चोरी झाकायला काहीतरी बरं तरी सांगायचं.’’

बघा. तिनं जे केलं ते त्यांच्या डोक्यात मावेचना. आणि डोक्यात मावत नाही म्हणून ते झालंच नाही. तिच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर म्हणाली असती, ‘घासणारच की, त्यात काय विचारायचं?’

ब्रुन्सनं ताडून पाहायला म्हणून आपल्या खिशातलं एक हिरवं नाणं काढलं होतं, त्सिंगतावचंच. सरलानं ते पाहिलं आणि हात पुढे केला.

‘‘इकडे द्या. आत्ता तुमच्यासमोर घासून दाखवते. चिंच आहे माझ्याकडे. अहो, सांगा ना त्यांना! तासाभरात असंच निघतं की नाही बघा म्हणावं!’’

ती एका आंबट फळाचं म्हणतेय, एवढंच श्यामकांतनं सांगितलं. ब्रुन्सनं मूठ मिटली आणि ती मूठ पाठीमागे नेली. बाई नाणं खाणार असल्यासारखी.

मग क्लाउस म्हणाला, ‘‘हेर जगदाळे, तुम्ही तर काशाचे अभ्यासक. असं एखाद्या आंबट फळानं निघतं का?’’

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सरलानंही. तिला प्रश्न कळला नव्हता, पण आता नवरा बोलेल आणि सगळं मिटेल, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

‘‘शास्त्रीयदृष्ट्या,’’ श्यामकांत म्हणाला, ‘‘सांगणं कठीण आहे.’’

फ्राऊ लूर्स आपल्या कपात बघत होती. मीच दिली, मीच टाळ्या वाजवल्या, असं ती बोलली असती तर? पण क्लाउस तिच्याकडे बघत होता. नवऱ्याची एवढी एक खूण परक्या बाईला पूजेला दिली म्हटल्यावर उद्याच तिची रवानगी झाली असती.

‘‘ते फळ कुठून आलं?’’ क्लाउसनं विचारलं.

‘‘बंदरावरून. एक खलाशी आणून देतो तिला.’’

‘‘घरी येतो?’’

श्यामकांतनं चष्मा काढला, पुसला. ‘‘मी दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये असतो,’’ म्हणाला. ‘‘घरी कोण येतं, मला माहीत नाही.’’

झालं. त्यांना हवी होती ती गोष्ट मिळाली. खलाशी आला, बाईनं खरी सुरी दिली, खोटी घेतली, सुरी गेली समुद्रापार. हे त्यांच्या डोक्यात लगेच मावलं. क्लाउस पोलिसांत जायचं म्हणाला, आउसलेंडरआम्टला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीला, कळवायचं म्हणाला. ब्रुन्स म्हणाला, हिन्रिखच्या नावाचा बोभाटा नको. शेवटी ठरलं, की अभ्यास करणाऱ्यानं अभ्यास करावा आणि बाईनं आपल्या देशात जावं. क्लाउसनं मला उचललं आणि श्यामकांतच्या हातात कोंबलं. ‘‘तुमची नक्कल तुम्हीच ठेवा.’’

खोलीचं दार लागल्यावर सरला बोलली.

‘‘काय सांगितलंत त्यांना?’’

‘‘अगं, हळू बोल.’’

‘‘का हळू? चोरी केलीय का मी? तुम्ही पाहिलंत ना मला घासताना? हसलात ना?’’

‘‘मी पाहिलं म्हणून त्यांना पटणार आहे का? तुझा नवरा मी. पुरावा लागतो, पुरावा. प्रोफेसरांच्या कानावर गेलं तर सगळं संपलं.’’

‘‘म्हणजे पुरावा असता तर बोलला असतात?’’

‘‘असता तर बोललो असतो.’’

‘‘देवाशपथ?’’

‘‘हो.’’

आता हे ऐका. त्याच आठवड्यात तो मला खिशात घालून इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेला. माझ्या कडीची एक बाजू करवतीनं कापली, कापलेला तुकडा गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी टेबलावर होते. एकदा बघून तो थांबला नाही, तुकडा फिरवून फिरवून बघितला. वरचं हिरवं गेलं तरी आतलं जात नसतं. मातीनं मला कणाकणाच्या फटींतून आतपर्यंत खाल्लेलं होतं. काल-परवा ओतलेल्या नकलेत असं काही नसतं, आणि कुणी करू म्हटलं तर करता येत नाही. हे त्याच्याइतकं त्या शहरात फार थोड्या लोकांना कळत असेल. त्यानं त्याचा फोटोही काढला.

पुरावा मागत होता ना? पुरावा त्याच्या भिंगाखाली लखलखत होता. आणि सरला अजून हॅम्बर्गमध्येच होती. बोट सुटायची होती.

घरी आला तेव्हा ती ट्रंक भरत होती. तिनं विचारलं, ‘‘अहो, काय दिसलं?’’

‘‘काही कळत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘काहीच नक्की सांगता येत नाही.’’

तिनं विळी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. उरलेली चिंच फ्राऊआजीच्या फडताळात ठेवून आली.

बंदरावर तो मला कोटाच्या खिशात विसरून घेऊन गेला होता, म्हणून मला हेही ठाऊक आहे. मालवाहू बोट, तीत थोडे प्रवासी. गारठ्यानं सरलाचे ओठ निळे पडले होते. पातळावर नवऱ्याचा जुना कोट.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘मी जाते. पण गावात काय सांगायचं तेवढं आधी ठरवा. तुम्ही पत्रात एक लिहाल आणि मी तोंडानं एक सांगेन, असं नको.’’

‘‘तब्येत मानवली नाही, असं सांग.’’

‘‘कुणाची?’’

ती शिडी चढून गेली. मागे वळून पाहिलं की नाही ते मला खिशातून दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात एकदा फ्राऊ लूर्स त्याच्या खोलीत आली. तो घरी नव्हता. तिनं मला टेबलावरून उचललं आणि गालाला लावलं. ‘‘मीच दिली होती,’’ म्हणाली. मला काय सांगतेस बाई? मला माहीत आहे. पुढच्या वर्षी क्लाउसनं तिला वृद्धाश्रमात नेलंच. गप्प बसूनही तिची जागा राहिली नाही.

श्यामकांत डॉक्टर झाला. आता तो जर्मनीच्या दक्षिणेत बॉबलिंगेनला असतो, कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. सासष्ट साल चालू आहे. मी त्याच्या टेबलावर आहे. पाकिटं फोडायला तो मला वापरतो. इतक्या जन्मांत कापायचं काम कधी केलं नव्हतं, तेही आता करते. सुरुवातीला सरलाची निळी हवाईपत्रं यायची, तीही माझ्याच धारेनं उघडली. गावात तिला काय काय म्हणतात ते ती लिहायची नाही. सासूबाईंची तब्येत, पाऊसपाणी, आणि शेवटी ‘त्या लोकांना काही सांगितलंत का?’ पुढे पत्रं थांबली.

आता इथे पुण्या-मुंबईची शिकायला आलेली मुलं-मुली जेवायला येतात. कुणी दिनकर, कुणी वीणा. मला हातात घेतात. ‘‘सर, हे काय आहे?’’

‘‘नक्कल आहे,’’ तो म्हणतो. ‘‘चिनी नाण्याची. हॅम्बर्गमध्ये मिळाली.’’

‘‘आणि वहिनी कधी येणार?’’

‘‘तिला इथली हवा मानवत नाही.’’

ही दोन वाक्यं तो एकापाठोपाठ इतक्या सफाईनं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, किती साधा माणूस! तो सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो त्यानं फाडून टाकला, पण माझ्या कडीची कापलेली बाजू तशीच आहे. बोट फिरवलं तर लागते. मुलं बोट फिरवत नाहीत.

माझं हिरवं अंग आता परत यायचं नाही. त्याला आणखी दोन हजार वर्षं मातीत जावं लागेल, आणि मला कोण पुरणार? तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पुढे कुणी बाई छातीवर हात मारून ‘हे मी केलं’ म्हणाली, आणि तिनं केलेलं तुमच्या डोक्यात मावत नसलं, तर डोकं तुमचं लहान आहे, असं आधी धरून चाला. मग तिला खोटी म्हणा.

आणि या सगळ्याला जबाबदार कोण, तेही सांगते, कारण त्या दिवशी त्यांनी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं. ज्यानं मला शेतातून उचललं त्या हिन्रिखला मी शिव्या देते, पण या गोष्टीसाठी नव्हे. ब्रुन्सला मी सोडून देते, त्याला फक्त हिरवं दिसत होतं. क्लाउस हावरट होता, तो हावरटासारखा वागला. म्हातारी घाबरली होती. सरलाचा तर काही दोषच नव्हता, तिनं देवापुढे ठेवायची वस्तू लख्ख केली. खरं पाहिलेला, खरं समजलेला आणि पुराव्यासकट खरं खिशात घालून बंदरावर उभा राहिलेला माणूस एकच होता: डॉक्टर श्यामकांत जगदाळे.